पाहुण्यांना कण्या

कापसाचे ते वाईट दिवस चालले होते तेव्हा आमच्या भागात एकच पीक जोमात होतं, जीपगाड्यांचं. बाभुळगावकडून रोज एखादी पांढरी जीप धूळ उडवत यायची. तिच्यातून चष्मे, फायली आणि पाण्याच्या बाटल्या उतरायच्या आणि आमची पाहणी सुरू व्हायची. कोणी आमचे दात बघितले, कोणी विहिरीचं पाणी नळीत भरून नेलं. एकाने तर ओट्यावर बसलेल्या आमच्या सासूबाईंना विचारलं, "आजी, तुम्ही शेवटचं मनमोकळं कधी हसलात?"

सासूबाईंना आम्ही मामीजी म्हणायचो. मामीजींनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आता. तुले पाहून."

त्याने ते लिहून घेतलं.

मी त्या घरातली धाकटी सून. लग्नाला तीन वर्षं झालेली. अंगात कामापेक्षा करमणुकीची हौस जास्त, त्यामुळे जीपचा आवाज आला की हातातलं टाकून मी ओट्यावर हजर. फुकटचा तमाशा दारात येतो आणि माणसाने भांडी घासत बसावं, हे मला कधीच पटलं नाही. आजही पटत नाही.

या सगळ्या फौजेत माझ्या सर्वांत आवडत्या म्हणजे काटकसरवाल्या मॅडम. त्यांच्या संस्थेचं नाव मला चांगलं आठवतं, पण ते छापून त्यांचा मान वाढवायची माझी इच्छा नाही. मॅडम गोऱ्या, गोड आणि सुती साडीतल्या. साडीतला कापूस आमच्याकडचाच असणार, पण आमच्या घरातून निघून त्यांच्या खांद्यावर पोचेपर्यंत त्याचं नशीब असं काही फळफळलं होतं की ओळख लागू नये. शेतकऱ्याच्या बायकोला किराणा कमी कसा करायचा ते शिकवणं, हे त्यांचं काम. कापसाचा भाव का पडला यावर तेव्हा मोठमोठी माणसं डोकं खाजवत होती. मॅडमना ते कोडं सुटलेलं होतं. आमच्या फोडणीत तेल जास्त पडत होतं.

समाजमंदिरात सभा भरली. पन्नासेक बायका सतरंजीवर, मॅडम खुर्चीवर.

"पहिला नियम," मॅडम एक बोट वर करून म्हणाल्या, "बाजारात कधीही उपाशीपोटी जायचं नाही. भूक लागलेली असली की आपण गरजेपेक्षा जास्त खरेदी करतो."

पहिल्या रांगेतून आमच्या जाऊबाई उठल्या. जाऊबाई म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची बायको. घरातली थोरली सून, आणि चूल जिच्या हाती होती ती.

"मॅडम, मंग जेवून जाचं का बाजारात?"

"अगदी बरोबर!"

"पन जेवाचं आनाले तं बाजारात जातो ना जी."

बायका पदरात तोंड घालून खुसखुसल्या. मॅडमही हसल्या. कशाला ते त्यांना माहीत नसावं. दुसरा नियम सुरू झाला: उरलेलं अन्न टाकू नये. मागून कोणीतरी म्हातारी शेजारणीला विचारू लागली, "उरते म्हंजे कसं वं?" तिसरा नियम: भाजीच्या सालांचं पौष्टिक सूप करावं. जाऊबाई पुन्हा उठल्या.

"सालं बकरी खाते आमची."

"अहो, पण ते जीवनसत्त्व वाया जातं ना!"

"वाया कायले जाईन? बकरी दूध देते."

मी तर लोळायचीच बाकी होते. पण सभा संपता संपता मॅडमनी अशी एक गोष्ट सांगितली की जाऊबाईंचा चेहरा एकदम गंभीर झाला. संस्थेला तालुक्यासाठी एक बाई नेमायची होती. दहा गावांत फिरून तिने बायकांना काटकसरीचा स्वयंपाक शिकवायचा. दर महिन्याला मानधन मिळणार. निवड अशी: इच्छुक बायकांच्या घरी समिती जेवायला येईल आणि जिची थाळी सर्वांत काटकसरीची, तिला ती जागा.

जाऊबाईंची मुलगी त्या वर्षी दहावी झाली होती, आणि झाली होती ती चांगल्या मार्कांनी. पोरीला सायन्स शिकायचं होतं. सायन्स म्हणजे यवतमाळ, यवतमाळ म्हणजे राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण. दिरांनी सांगून टाकलं होतं की या साली ते जमत नाही, पोरीने घरी बसावं, वेचणीला जावं, पुढच्या साली बघू. पुढच्या साली बघू म्हटलेल्या पोरींचं काय होतं ते जाऊबाईंना माहीत होतं. त्या स्वतःच एक तशी पोरगी होत्या.

घरी येताना त्या मला म्हणाल्या, "ते काम माह्यं हाय."

आणि खरंच, ते काम त्यांचंच होतं. काटकसर ही काय चीज आहे ते मॅडमना जाऊबाईंच्या चुलीपुढे चार दिवस बसल्यावर कळलं असतं. तव्यावर तेल त्या ओतत नसत. कापसाचा बोळा तेलात बुडवून तो तव्यावर फिरवायचा, बस. घरची तूर जात्यावर भरडून डाळ करायच्या आणि खाली पडलेली चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, भाकरीच्या पिठात घालायच्या. पावसाळ्यात बांधावर उगवलेला तरोट्याचा पाला खुडून आणायच्या आणि तो इतका चवीचा करायच्या की मी लाज सोडून तिसऱ्यांदा मागायची. आणि कण्या! ज्वारी जाडीभरडी दळून शिजवलेल्या कण्या, वर ताक, बाजूला अंबाडीची भाजी, लसणाचं तिखट. त्या दिवसांत आठवड्यातले चार दिवस आम्ही कण्याच खात होतो. मॅडमच्या तिन्ही नियमांना पोटात घालून ढेकर देईल अशी ती थाळी होती.

"तेच वाढतो समितीले," जाऊबाईंनी जाहीर केलं. "रोज खातो तेच."

मामीजींच्या हातातली सुपारी खाली पडली.

"पाहुण्यायले कण्या? माह्या घरात?"

"पाहुने नाही जी ते. समिती हाय."

"दारात येते, पाय धुते, पाटावर बसते, त्याले पाहुनाच म्हंतेत. अवं, लोक शेन घालतीन माह्या तोंडात. दुष्काळात बी ह्या घरातून पाहुना तुपाबिगर उठला नाही."

"त्यायले गरिबी पाह्याची हाय, मामीजी. जेवढं गरिबीचं, तेवढं त्यायले चांगलं."

"ज्याले गरिबी पाह्याची त्यानं सोताच्या घरी पाहावी!"

जाऊबाई हळूच म्हणाल्या, "पोट्टीचं शिक्षन हाय जी ह्याच्यात."

मामीजींनी सुपारी उचलली, फुंकली, तोंडात टाकली. "कर, काय करतं ते. मी एक सबूद बोलनार नाही."

आणि घरात त्या खरंच एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या त्या हापशीवर. समिती येण्याच्या दिवशी सकाळी घागर भरताना त्या नुसत्या म्हणाल्या, कोणाला उद्देशून असंही नाही, "आज आमच्या घरी पाहुने हायेत. न् थोरली कण्या वाढून राह्यली." एवढंच. घागर डोक्यावर घेतली आणि आल्या घरी.

आमच्या गल्लीला यापेक्षा जास्त सांगायची गरज नव्हती.

समिती बारा वाजता उतरली. मॅडम, तालुक्याचे एक जाडजूड साहेब आणि एक फोटोवाला. पाटावर बसले. जाऊबाईंनी थाळ्या मांडल्या: कण्या, ताक, अंबाडी, तिखट. ताटात जे होतं ते सगळं घरचं होतं, दुकानातून आणलेलं मीठ तेवढं. मॅडमचे डोळे चमकले. "वा! हे बघा, साहेब, हेच तर मी म्हणते!" त्यांनी वही उघडली. जाऊबाईंनी दारामागून माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

तेवढ्यात समोरच्या घरची बाई पदराखाली काहीतरी झाकून आत शिरली.

"आज पाटवडी जास्तच झालती बाप्पा," ती म्हणाली, "म्हटलं, थोडी द्यावी." आणि तर्री तरंगणाऱ्या रश्श्याचं पातेलं तिने साहेबांपुढे ठेवलं. त्या घरात आठ दिवस भाजीला तेल नव्हतं. मला माहीत होतं, कारण बोळ्याची युक्ती मीच त्यांना शिकवून आले होते.

तिच्या मागून शिंपीणबाई. "भात जास्त झालता." तिच्या मागून कोपऱ्यावरची म्हातारी, हातात तुपाची वाटी. तूप कसं जास्त होतं ते तिलाही सांगता येईना, म्हणून ती नुसतीच "जास्त झालतं" म्हणाली. मग कुरड्या. मग भरीत. शेवटी मागच्या गल्लीतली एक नवी सून घाम पुसत आली. तिच्या हातात पुरणपोळ्यांची चळत, वाफ निघणारी. पुरणपोळ्या! मंगळवारी! सण नाही, वार नाही, आणि म्हणे पुरण जास्त झालं.

दहा मिनिटांत त्या थाळ्यांना काठ उरला नाही. सहा बायका अंगणात उभ्या, चेहऱ्यावर असं समाधान की जणू गावाची अब्रू त्यांनी वाहत्या पुरातून ओढून काढली. मामीजी ओट्यावर सुपारी कातरत होत्या, भलतीकडे बघत.

मी आजवर पुष्कळ मूर्ख बघितले आहेत आणि त्यांच्यावर मनापासून हसले आहे, पण त्या दुपारी अंगणात जेवढे एका जागी होते तेवढे पुन्हा कधी बघितले नाहीत. स्वतःच्या पोराबाळांच्या तोंडचं तूप काढायचं आणि ते कोणापुढे वाढायचं, तर तुम्ही तूप फार खाता हे सांगायला आलेल्या माणसापुढे! आणि आत पाटावर बसलेल्यांची गोष्ट वेगळीच. साहेबांनी कण्या बोटाने ताटाच्या कडेला सारल्या आणि पुरणपोळीला हात घातला. पहिली, दुसरी. तिसरीच्या वेळी "नको नको" म्हणत ताट पुढे केलं. फोटोवाल्याने आधी थाळीचा फोटो काढला, मग ती खाल्ली. मॅडम थोडंसंच जेवल्या. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख दाटून आलं होतं, पण तूपही ओठांवर चमकत होतं.

हात धुतल्यावर त्यांनी जाऊबाईंना जवळ बोलावलं.

"ताई, रागावू नका हं. पण एवढे पदार्थ? या परिस्थितीत? मला आज फार वाईट वाटलं. तुमचा प्रश्न कापसाचा नाहीच आहे. सवयींचा आहे."

आता जाऊबाईंनी एक वाक्य बोलायचं होतं. "कण्या माझ्या, बाकीचं माझं नाही." बस. दहा गावं, मानधन, पोरीचं सायन्स, सगळं त्या एका वाक्यात होतं. त्यांनी तोंड उघडलंही. मग त्यांची नजर अंगणात गेली. तिथे त्या सहा जणी उभ्या होत्या, आपापल्या रिकाम्या वाट्या घेऊन. कोपऱ्यावरची म्हातारी वाटी बोटाने पुसून चाटत होती.

मी कुजबुजले, "बाई, सांगा ना."

"काय सांगू?" त्या तोंडातल्या तोंडात म्हणाल्या. "पोरायच्या तोंडचं काढून आनलं ह्यायनं, असं सांगू? भिकारीन करू त्यायले?"

आणि मॅडमकडे वळून म्हणाल्या, "चुकलं जी आमचं."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि जीप गेली.

त्या दिवशी जाऊबाई रडल्या नाहीत. कण्या उरल्या होत्या त्या त्यांनी मामीजींना वाढल्या. मामीजींनी मुकाट्याने खाल्ल्या. नंतर दोन दिवस मामीजी घरात इतक्या हळू चालत होत्या की पावलं वाजत नव्हती.

ती जागा कोणाला मिळाली असेल? वाचकहो, तुम्हीही याच देशात राहता. साहेबांच्या मेहुणीला. यवतमाळची बाई, तिशीतली, गोरीगोमटी, घरी गॅस आणि फ्रीज. तिच्या थाळीचं परीक्षण कधी झालं आणि कोणी केलं ते विचारायचं नाही.

पुढच्या महिन्यात ती आमच्याच समाजमंदिरात आली, काटकसरीचा पहिला धडा द्यायला. विषय होता ज्वारीच्या कण्या. चूल पेटवण्यात अर्धा तास गेला, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. पाण्याला आधण येण्यापूर्वीच तिने भरडलेली ज्वारी टाकली आणि ढवळायला विसरली. शेवटी पातेल्यात जे तयार झालं त्याने भिंत लिंपता आली असती. बायका टाळ्या वाजवून घरी गेल्या. इतकी सुंदर दुपार मी त्या वर्षात दुसरी अनुभवली नाही.

जीप निघायला वेळ होता. तेवढ्यात ती बाई विचारत विचारत आमच्या परसात आली. जाऊबाई तरोटा निवडत बसल्या होत्या. बाई समोर उकिडवी बसली आणि भडाभडा बोलू लागली.

"मला यातलं काही येत नाही हो. भाऊजींनी नाव घातलं. आता दहा गावं करायची आहेत. सगळे म्हणतात, या गावात तुम्हीच... मला शिकवाल का? काय लागेल ते देईन."

जाऊबाईंनी एक पान उलटसुलट करून बघितलं. "घर कुठी हाय तुमचं यवतमाळात?"

बाईने सांगितलं.

"कालेज किती दूर हाय तिथून?"

"जवळच. चालत दहा मिनिटं."

"घरात मानसं किती?"

"मी, हे, आणि छोटा मुलगा."

जाऊबाईंनी पानं टोपलीत टाकली, हात झटकले. तेव्हा मला जे दिसलं ते मी कधी विसरणार नाही. बाजारात बैल बघताना कसलेला गडी जसा उगाच दुसरीकडे बघतो, तसं त्या कुंपणाकडे बघत म्हणाल्या, "माही पोट्टी तुमच्या घरी राहीन. दोन वक्त जेवीन, कालेजात जाईन. तुमी दर आठवड्याले इकडे या, मी तुमाले एक चीज शिकवतो. तेवढीच दहा गावायले शिकवा."

"म्हणजे... दोन वर्षं?"

"बारावी होयेपर्यंत. अन् ते तुमच्या घरचे भांडे घासनार नाही. हे पयलेच सांगून ठेवतो."

बाईने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. खूप दिवसांत एवढं निळं आभाळ दिसलं नव्हतं.

"मॅडमना तर सांगणार नाही ना?" बाईने विचारलं.

"मॅडम कोन?" जाऊबाई म्हणाल्या.

तेव्हापासून दहा गावांत जाऊबाईंची काटकसर त्या बाईच्या तोंडून वाहू लागली. बोळ्याचं तेल, चुनीची भाकर, वाळवलेली अंबाडी, सगळं. संस्थेने तिचं पुस्तकही छापलं, गुळगुळीत कागदावर, एका पुस्तकाच्या कागदाच्या पैशांत आमची आठवड्याची भाजी येईल असं. आमच्या गावात धडा असला की जाऊबाई पहिल्या रांगेत बसायच्या आणि भोळा चेहरा करून विचारायच्या, "बाई, चुनी किती घालाची म्हंता?" बाई लाल व्हायची आणि बरोबर उत्तर द्यायची. चांगली विद्यार्थिनी होती, तेवढं कबूल करते. मॅडमना मात्र अखेरपर्यंत वाटत राहिलं की यवतमाळच्या फ्रीजवाल्या घराने आम्हाला कण्या खायला शिकवल्या.

पण पोरीला पोचवायला आम्ही दोघी गेलो तो दिवस सांगायचा राहिला. कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, एसटीने. पोरीच्या हातात एक पिशवी. बाईने आम्हाला चहा दिला, बिस्किटं दिली. बाईचे यजमान पेपराआडून "या या" म्हणाले आणि पुन्हा पेपरात गेले. मी मनातल्या मनात त्या घराची नक्कल जमवत होते. गावी गेल्यावर ओट्यावर करून दाखवायची होती. शोकेसमधल्या बाहुल्यांपासून ते यजमानांच्या मोज्यांपर्यंत सगळं मी टिपून घेतलं होतं.

जाऊबाई चहाचा कप ठेवून उठल्या आणि न विचारता स्वयंपाकघरात गेल्या. मी मागे गेले. त्यांनी फळीवरचा एकेक डबा खाली घेतला, झाकण उघडलं, आत हात घालून बघितलं. तुरीची डाळ. तांदूळ. शेंगदाणे. गव्हाचं पीठ त्यांनी चिमटीत घेऊन बोटांत चोळलं. तुपाची बरणी उजेडाकडे धरून बघितली. यवतमाळची बाई दारात उभी राहून बघत होती. सगळी झाकणं पुन्हा घट्ट लावून जाऊबाई पोरीला म्हणाल्या, "लाजू नोको. पोटभर जेवजो."

परतीच्या एसटीत मी माझी नक्कल सुरू करणार होते. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. कळंबचा फाटा मागे गेला तेव्हा त्या म्हणाल्या, "उद्यापासून दोन भाकरी कमी थापजो."

"हो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परातीत सवयीने नेहमीचंच पीठ घेतलं. जाऊबाई आल्या, परातीत वाकून बघितलं, दोन मुठी पीठ उचलून परत डब्यात टाकलं आणि चुलीतला जाळ सारखा करत बसल्या.